मोडून पाहण्याची विद्या

सांगलीच्या बाजार आवारात हळदीचे सौदे चालू असताना एक गोष्ट हमखास दिसते. खरेदीदार पोत्याच्या तोंडाशी असलेल्या मालाकडे फारसे पाहत नाही. तो कोपरापर्यंत हात आत घालतो, तळाकडचे एक हळकुंड वर काढतो आणि दोन्ही अंगठ्यांचा जोर लावून ते मोडतो. मोडताना झालेला आवाज तो ऐकतो, मग तुटलेला पृष्ठभाग उजेडाकडे धरतो. भंग कडक आणि चकचकीत असेल, रंग कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा नारिंगी-पिवळा असेल, तर बोली वर चढते. भंग पिठूळ किंवा फिकट दिसला, आवाज मंद आला, तर तो हळकुंडाचे दोन्ही तुकडे मुकाट्याने पोत्यात टाकून पुढच्या ढिगाकडे वळतो. या साऱ्याला क्षण-दोन क्षण लागतात आणि तेवढ्यात एका शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचे मोल ठरते.

हे कौशल्य दुकानाच्या ओट्यावर, वडील व आजोबांच्या शेजारी बसून शिकले जाते. त्याचे पुस्तक नाही. परंतु त्या तुटलेल्या पृष्ठभागावर व्यापारी जे वाचतो, तेच वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक सूक्ष्मदर्शकाखाली वाचतो. नीट पाहिले तर हळकुंडाच्या भंगात एक बारीक वर्तुळ दिसते. वर्तुळाबाहेरचा पट्टा वेगळा, आतला गाभा वेगळा. हे वर्तुळ म्हणजे पेशींचा एकच थर. बाहेरच्या भागाला आतल्या वाहिन्यांच्या भागापासून वेगळे करणारी ती जणू वाड्याची आतली भिंत. या भिंतीच्या अलीकडे-पलीकडे पसरलेला मऊ पेशींचा समूह म्हणजे 'मूल ऊती'. हळकुंडाचा बहुतेक देह या ऊतीचाच. तिच्या पेशी पातळ भिंतींच्या, आणि पिष्टाच्या कणांनी गच्च भरलेल्या असतात. त्यांच्यामध्येच ठिकठिकाणी काही पेशी तेलाच्या व रंगद्रव्याच्या असतात. हळदीचा वास व पिवळेपणा त्या पेशींत राहतो.

शेतातून काढलेले ओले हळकुंड मोडले, तर रंग ठिपक्याठिपक्यांनी दिसतो. म्हणून हळद शिजवतात. कढईत किंवा वाफेच्या बॉयलरमध्ये ती शिजली, की पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि एकमेकांत मिसळून त्यांची खळ होते. रंगद्रव्याच्या पेशींच्या भिंती सैल पडतात आणि रंग सर्वत्र सारखा पसरतो. पुढे उन्हात दहा-पंधरा दिवस वाळल्यावर ती खळ शिंगासारखी कठीण होते. खरेदीदाराच्या कानावर येणारा तो कडक आवाज म्हणजे फुटून आळलेल्या पिष्टाचा आवाज होय. कच्ची शिजलेली हळद ठिसूळ तुटते, कारण तिच्यातले पिष्ट अजून कणाकणानेच वेगळे असते. ओल्या शंभर किलोंपासून जातीनुसार साधारण वीस किलो वाळलेला माल हाती येतो. बाकीचे सारे पेशींत साठलेले पाणी. व्यापारी ज्याला 'घट' म्हणतात, तिचे मूळ असे पेशींच्या पोटात असते.

शिजवण्याचा आणखी एक परिणाम असा, की हळकुंडाचे डोळे मरतात. त्यामुळे हळद पुढे कोंब धरत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरची पेवे याच भरवशावर उभी होती. जमिनीत खोल खणलेली, आतून लिंपलेली ही कोठारे हळदीने भरून तोंड बंद केले, की आतला प्राणवायू संपत जाई आणि कीड वाढू शकत नसे. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे, तो यामुळेच. २००५ च्या महापुराने त्यांतील कित्येक पेवांची हानी केली आणि शीतगृहांनी त्यांची जागा घेतली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण पेवांचा तो जुना व्यवहार मात्र आता आठवणीत अधिक आणि जमिनीत कमी उरला आहे.

याच पेशींची साक्ष प्रामाणिकपणाच्या प्रश्नातही निघते. हळदपुडीत तांदळाचे किंवा मक्याचे पीठ मिसळले, तर जिभेला ते पटकन कळत नाही. प्रयोगशाळेत मात्र चिमूटभर पूड पाण्यात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की लबाडी उघडी पडते. हळदीचे स्वतःचे पिष्ट शिजल्यामुळे पिवळसर गोळ्यांच्या रूपात दिसते, तर मिसळलेल्या कच्च्या पिठाचे कण अखंड, सुटे आणि आपापल्या धान्याच्या ठरावीक आकाराचे दिसतात. अखंड हळकुंडावर शिशाच्या क्रोमेटसारख्या विषारी रंगाचा लेप चढवण्याचा प्रकार तर जीवघेणाच. तेथे मोडून पाहण्याची जुनी रीत कामी येते. वरची झळाळी आणि आतला रंग यांचा मेळ बसत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याचे अतिचार सांगताना खोटी मापे आणि 'प्रतिरूपक व्यवहार', म्हणजे अस्सल म्हणून नक्कल विकणे, यांची गणना केली आहे. दुकानदार श्रावकाला हे वाचताना तागडी आणि पोते दोन्ही डोळ्यांसमोर येतात.

'ऊती' हा शब्द मुले नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पाठ करतात, परंतु त्याचा अर्थ फार थोडे शिक्षक सांगतात. संस्कृतात 'ऊति' म्हणजे विणणे. युरोपीय भाषांत यासाठी जो शब्द आहे, तोही विणलेल्या वस्त्रावरूनच आला. ही केवळ कवीची उपमा नव्हती. इंग्लंडचा वैद्य नेहेमाया ग्रू याने सतराव्या शतकात खोडांचे व मुळांचे पातळ काप करून पाहिले, तेव्हा त्याला उशीवर लेस विणत बसलेल्या बायकांच्या हातातील बारीक वीण आठवली. त्याच काळात इटलीत मार्चेल्लो माल्पिघी हाच अभ्यास स्वतंत्रपणे करीत होता आणि १६७१ च्या डिसेंबरात दोघांचेही काम लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आले. त्याआधी, १६६५ मध्ये, रॉबर्ट हूकने बाटलीच्या बुचाची पातळ चकती धारदार चाकूने काढून पाहिली होती. त्याला मधाच्या पोळ्यासारखी रिकामी घरे दिसली. एका घन इंचात अशी अब्जाहून अधिक घरे असावीत, असा हिशेब त्याने मांडला. आज ज्यांना पेशी म्हणतात त्यांचे हे पहिले दर्शन. ती घरे रिकामी होती, कारण बूच ही झाडाची मेलेली साल असते. बटाट्याची पातळ साल हीही त्याच जातीची. बटाट्याला फावड्याचा घाव बसला, तर काही दिवसांत त्या जखमेवर अशाच बुचासारख्या पेशींचा थर येतो. खपली धरलेला बटाटा साठवणुकीत टिकतो आणि ओल्या जखमेचा सडतो, हे बटाट्याच्या वखारवाल्यांना चांगले ठाऊक असते.

वस्त्राची गोष्ट निघाली, तर कापसाचा व्यापार करणाऱ्यांना एक माहिती मौजेची वाटेल. कापसाचा तंतू ही एकच पेशी असते. सरकीच्या बाह्यत्वचेवरची एक पेशी, जिची रुंदी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी, ती लांबत लांबत अडीच-तीन सेंटिमीटर होते. मग आतून सेल्युलोजचे थरावर थर चढतात. बोंड फुटून तंतू उन्हात वाळला, की त्याची पोकळ नळी चपटी होते आणि फितीसारखी पिळवटते. हा पीळ नसता तर तंतू एकमेकांना धरून राहिले नसते आणि सूत कातणे शक्यच झाले नसते. जिनिंगच्या आवारात व्यापारी चिमटीत रुई धरून ओढतो आणि तिची लांबी बोटावर अजमावतो, तेव्हा तो पेशींचीच लांबी मोजत असतो.

ही रुई ज्या बारदानात भरली जाई, त्याची जात अगदी वेगळी. ताग हा खोडाच्या सालीतील धागा. खोडात अन्नरस वाहून नेणाऱ्या ज्या नलिका असतात, त्यांच्याशेजारी जाड भिंतींच्या लांबट पेशींच्या जुड्या उभ्या असतात. त्या झाडाला ताठ ठेवतात. यांना 'दृढ ऊती' म्हणतात. तागाचे भारे साचलेल्या पाण्यात भिजत ठेवले, की पाण्यातील जिवाणू मऊ ऊती आणि त्यांना जोडणारा डिंकासारखा पदार्थ कुजवतात. लाकडासारख्या कठीण झालेल्या दृढ ऊती मात्र लवकर कुजत नाहीत, म्हणून धागा सुटा होतो. महाराष्ट्रात अंबाडीचा वाख असाच काढीत असत. तागाचा एक लांबलचक धागा दिसायला एकसंध असला, तरी तो काही मिलिमीटर लांबीच्या असंख्य पेशी टोकाला टोक चिकटून झालेला असतो. म्हणून गोणपाट झटकले, की भुसा पडतो. सुती कापडाचे तसे होत नाही. एक धागा म्हणजे एक पेशी, आणि दुसरा म्हणजे पेशींची संयुक्त पेढी, असे म्हटले तर चालेल.

दृढ ऊतींची ओळख पटवण्यासाठी वखारीत जाण्याचीही गरज नाही. पेरू खाताना गाभ्याशी दाताखाली जी बारीक कचकच लागते, ती दगडासारख्या कठीण झालेल्या पेशींची. नारळाचा काथ्या तोच, अक्रोडाचे कवच तेच. उलट कोथिंबिरीचा देठ वाकतो पण सहज तुटत नाही, कारण त्याच्या कडेने 'स्थूलकोन ऊती' असतात. त्यांच्या पेशींचे कोपरे जाड, पण लवचीक असतात. वाऱ्यात डोलणाऱ्या पानाला असाच आधार हवा.

आता स्वयंपाकघराकडे वळायला हवे, कारण खरा पेच तेथेच पडतो. शाळेतून परतलेली नात जेवताना सहज म्हणते, "आजी, आज बाईंनी शिकवलं की बटाटा हे मूळ नाही, खोड आहे. आलं आणि हळदही खोडच. मग आपण त्यांना कंदमूळ का म्हणतो?" आजीला उत्तर सुचत नाही, सुनेला हसू येते आणि सासरे वर्तमानपत्र खाली ठेवतात. प्रश्न मुलीचा आहे म्हणून तो लहान नाही. तिला गप्प बसवले, तर ती दोन गोष्टी शिकेल: घरात प्रश्न विचारायचे नसतात, आणि शाळेतले ज्ञान घरातल्या आचाराच्या विरुद्ध असते. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

मुलीच्या बाईंनी शिकवले ते अगदी बरोबर. मुळावर पेरे नसतात, डोळे नसतात, पाने नसतात. बटाट्यावर डोळे असतात आणि प्रत्येक डोळा म्हणजे एक कोंब. आल्यावर कडी-कडी दिसतात, त्या म्हणजे पेरे. त्यांच्यावरील पातळ पापुद्रे ही पाने. सुरण आणि अळकुडी हीही खोडेच. कांदा हा तर मुख्यतः पानांचा पुडा. त्याच्या तळाशी असलेली चकती तेवढी खोडाची. खरी मुळे म्हणजे गाजर, मुळा, बीट आणि रताळे. भुईमुगाची शेंग जमिनीत पोसते, पण ती फळ आहे. फूल वर फुलते, मग त्याची आरी खाली वाकून मातीत शिरते. म्हणून कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरांतही दाण्याचे कूट चालते, यात विसंगती नाही.

परंतु शास्त्रकारांनी साधारण वनस्पती ओळखण्यासाठी 'मूळ की खोड' हा एकच प्रश्न विचारला, अशी समजूत असेल तर ती अपुरी आहे. दहाव्या शतकात आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी गोम्मटसाराच्या जीवकांडात, आणि श्वेतांबर परंपरेत शांतिसूरींनी जीवविचार प्रकरणात, जी लक्षणे दिली आहेत, ती जवळजवळ समान आहेत आणि ती डोळ्यांनी व हातांनी पारखण्याची आहेत. शिरा, सांधे व पेरे गूढ म्हणजे न दिसणारे असणे. मोडल्यावर सारखा भंग होणे. तुटताना धागा न निघणे. आणि छिन्न केल्यावरही पुन्हा उगवणे. ज्यात याच्या उलट लक्षणे दिसतात, ती प्रत्येक वनस्पती. भेद-प्रभेदांचा विस्तार दोन्ही परंपरांत मोठा आहे आणि त्यांत सूक्ष्म फरकही आहेत. ते जाणकारांकडूनच समजून घ्यावेत. पण मोडून पाहण्याची ही रीत वाचली, की हळदीच्या सौद्यातील तो व्यापारी आठवल्याशिवाय राहत नाही.

वनस्पतिशास्त्राच्या भाषेत ही लक्षणे तपासली, तर काय दिसते? शिरा म्हणजे जलवाहिनी आणि रसवाहिनी यांच्या जुड्या. जलवाहिनीच्या नळ्या लाकडासारख्या कठीण होतात, म्हणून त्या डोळ्यांना दिसतात आणि जिभेला चरबरीत लागतात. ज्या अवयवात साठवणीची मूल ऊती प्रचंड आणि वाहिन्या अगदी विरळ, तेथे शिरा दिसत नाहीत आणि भंग सारखा होतो. बटाटा मोडला, की नेमके असेच घडते. जुनी भेंडी, जून गवार किंवा घेवड्याची शेंग मोडली, तर दोर निघतो, कारण तेथे दृढ ऊती तयार झालेल्या असतात. कोवळेपणात याच शेंगा सहज तुटतात. कोणत्याही वनस्पतीचा नुकता फुटलेला अंकुर समभंग असतो, कारण त्याच्या पेशी अजून विभागत असतात आणि कठीण होण्याची त्यांची वेळ आलेली नसते. अंकुरावस्थेचा वेगळा विचार ग्रंथांतही केलेला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

तुटताना निघणाऱ्या धाग्याचे सर्वांत सुंदर उदाहरण कमळाच्या देठात सापडते. देठ हलकेच मोडून दोन्ही टोके दूर नेली, तर मधोमध कोळ्याच्या जाळ्याहून तलम तंतू ताणले जातात. संस्कृत कवींनी ज्यांना बिसतंतू म्हटले, ते हेच. जलवाहिनीच्या भिंतीला आतून स्प्रिंगसारखे वळसे असतात. देठ तुटल्यावर ते वळसे उलगडत जातात. नळी आत मिटू नये म्हणून वनस्पतीने घातलेले हे कडे आहे.

राहिले शेवटचे लक्षण, 'छिन्नरुह'. कापल्यावर पुन्हा वाढण्याचे सामर्थ्य. विसाव्या शतकात वनस्पतिशास्त्राला सर्वांत अधिक चकित केले ते याच सामर्थ्याने. १९०२ मध्ये जर्मन भाषिक शास्त्रज्ञ गॉटलिब हाबरलांट याने म्हटले, की वनस्पतीच्या एकेकट्या पेशीतून संपूर्ण वनस्पती निर्माण व्हायला हवी. त्याला स्वतःला ते साधले नाही. १९५८ मध्ये अमेरिकेत एफ. सी. स्टुअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाजराच्या रसवाहिनीच्या भागातील तुकडे घेतले, नारळाचे पाणी मिसळलेल्या पोषक द्रवात ते हलवत ठेवले, आणि त्यांतून सुट्या झालेल्या पेशींपासून मुळे-पाने असलेली गाजराची पूर्ण रोपे वाढवली. आज जळगावच्या केळीबागांत शेतकरी ज्यांना सहजपणे 'टिश्यूकल्चरची रोपे' म्हणतो, ती याच मार्गाने आली. कंदाच्या टोकाशी विभागत राहणाऱ्या पेशींचा, म्हणजे विभाजी ऊतीचा, एक लहानसा तुकडा घेऊन त्यापासून एकसारखी हजारो रोपे तयार होतात.

येथे एक मोह आवरायला हवा, आणि प्रवचनांत व मोबाइलवरच्या संदेशांत तो नेहमीच आवरला जातो असे नाही. 'विज्ञानाने निगोद सिद्ध केला', 'सूक्ष्मदर्शकात अनंत जीव दिसले', असे सांगण्याचा हा मोह. पेशी म्हणजे निगोद जीव नव्हे. बटाट्यातील पेशी कितीही असल्या, तरी त्या मोजता येण्याजोग्या आहेत. शास्त्रात 'अनंत' हा शब्द मोजणीच्या पलीकडचा आहे. एक इंद्रियांना गोचर, दुसरे केवलज्ञानाचा विषय. शिवाय लक्षणांची बरोबरी एकेक करून लावली, तर ती फसते. ऊसही कांडीपासून उगवतो, गुलाबही फांदीपासून. पण उसाची पेरे उघडी आहेत आणि चोयट्या दातांत अडकतात. लक्षणे एकत्रित पाहायची असतात. आज ज्या मुलीला शिक्कामोर्तब म्हणून पेशी दाखवली, ती उद्या महाविद्यालयात जाऊन पेशीचे खरे स्वरूप शिकेल; त्या दिवशी तिचा पेशीवरचा नव्हे, सांगणाऱ्यावरचा विश्वास उडेल. त्यापेक्षा तिला एवढे सांगणे अधिक खरे आहे, की हजार वर्षांपूर्वी ज्यांनी अहिंसेसाठी वनस्पती पारखल्या, त्यांनी भंग, शिरा, धागे आणि पुनरुत्पत्ती या गोष्टी बारकाईने पाहिल्या होत्या. आणि एक कंद उपटला की ते झाड संपते, उलट शेंग तोडली तर वेल पुढेही जगतो, हा फरक तर कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे.

सुंठ आणि हळद यांविषयीचा व्यवहार घरोघरी वेगळा आहे. ओले आले न खाणाऱ्या कित्येक घरांत सुंठ चालते. वाळलेल्या सुंठीतून किंवा शिजलेल्या हळकुंडातून कोंब फुटत नाही, एवढी गोष्ट वनस्पतिशास्त्र निःशंकपणे सांगू शकते. त्यापुढचा निर्णय त्याचा नव्हे.

पानांचा विषयही घरात दरवर्षी निघतो, आषाढात. चातुर्मास लागला, की पालेभाजी बंद होते. पावसाळ्यात पानांवर, विशेषतः पानांच्या खालच्या बाजूला, कीटकांची अंडी व बारीक जीव असतात, हे भाजी निवडणाऱ्या प्रत्येक बाईने पाहिलेले असते. खालचीच बाजू का? वरच्या बाजूवर ऊन-पाऊस सरळ आदळतो. शिवाय पानाची रचनाच दुहेरी आहे. वरची त्वचा मेणचट आणि घट्ट. तिच्याखाली स्तंभांसारख्या उभ्या, हरितद्रव्याने भरलेल्या पेशींची ओळ, जी सूर्यप्रकाश टिपते. त्याखाली सैल, स्पंजासारखी ऊती, जिच्यात हवेच्या पोकळ्या असतात. आणि सर्वांत खाली पर्णरंध्रे. दोन वृक्काकार पेशी समोरासमोर असतात. त्या पाण्याने फुगल्या की मधली फट उघडते, ढिल्या पडल्या की मिटते. बहुतेक झाडांच्या पानांत ही रंध्रे खालच्या बाजूला अधिक असतात. पाण्यावर तरंगणाऱ्या कमलपत्राला मात्र खाली हवाच नसते, म्हणून त्याची रंध्रे वरच्या बाजूला. त्या पानावर पाणी ठरत नाही, ते मेणाच्या अतिसूक्ष्म उंचवट्यांमुळे. अलिप्ततेसाठी ज्याची उपमा पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली, त्या पानाला आपली रंध्रे कोरडी ठेवण्याची निकड आहे.

पर्णरंध्रांतून पाणी उडत राहते, म्हणून मेथीची जुडी तोडल्यानंतर काही तासांत मान टाकते. पानात कठीण पेशी थोड्या. त्याचा ताठपणा बव्हंशी पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबावर उभा असतो. किराणा दुकानातील वाळलेल्या पानांतही रचनेची खूण राहते. आपल्याकडच्या तमालपत्राला देठाकडून निघून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात. भूमध्य समुद्राकडील ज्या पानाला परदेशात तसेच वापरतात, त्याला मधोमध एकच शीर असते आणि तिला बाजूच्या शिरा फुटतात. पाने दिसायला सारखी वाटली, तरी झाडे वेगळी आणि वासही वेगळा. गुणवान नोकर ही पारख पहिल्या महिन्यातच शिकतो.

देरासरात उगाळल्या जाणाऱ्या चंदनाचीही अशीच कथा. चंदनाच्या खोडाचा बाहेरचा फिकट भाग जिवंत पाणी वाहतो आणि त्याला जवळजवळ वास नसतो. झाड जसे वयस्क होते, तसा मधल्या भागातील जलवाहिन्यांचा मार्ग बंद होतो, तेथील पेशी मरतात आणि मरण्यापूर्वी तेल साठवून ठेवतात. सुगंध आहे तो या गाभ्यात. म्हणून चंदनाचा व्यापारी खोडाच्या जाडीपेक्षा गाभ्याची जाडी पाहतो. कोवळे झाड चोरून तोडणाऱ्याच्या हाती बहुधा वास नसलेले लाकूडच लागते.

नातीला हे सारे दाखवायचे, तर जिवंत फांदी तोडण्याची गरज नाही. भाजी निवडून झाल्यावर उरलेला कोथिंबिरीचा देठ कुंकू-रंगाच्या पाण्यात उभा केला, तर तासाभरात लाल रेघा वर चढलेल्या दिसतात, त्या जलवाहिन्या. आणि अंगणात गळून पडलेले पिंपळाचे पान आधी झटकून, त्यावर कोणी जीव नाही ना हे पाहून, पाण्यात काही आठवडे राहू दिले, की त्यातील मऊ ऊती विरून जाते. मग ते ब्रशने हलकेच धुऊन वहीत ठेवावे. उरते ती शिरांची जाळी, देठापासून शेपटीसारख्या टोकापर्यंत अखंड. उजेडाकडे धरली, तर मोठ्या शिरेतून लहान, लहानीतून आणखी लहान फुटत गेलेली, आणि कुठेही न तुटलेली.